साहेबांना नमस्कार, बाईला हिशोब



गावातल्या कुठल्याही गटाच्या बैठकीत राजकारणाचा विषय नुसता काढून पाहा. "नको बाई, ते आपलं काम नाही", "सगळे एकाच माळेचे मणी", "कुणी का निवडून येईना, आपली चूल आपल्यालाच पेटवायची आहे", अशी उत्तरं एकामागून एक येतील. त्याच बैठकीत कुणी सांगत आलं की आमदारसाहेब शेजारच्या लग्नाला यायचे आहेत, तर काय होतं? पुढची खुर्ची पुसली जाते, ओवाळणीचं ताट तयार होतं, पदर सावरले जातात. ज्यांना आत्ताच नावं ठेवली, त्यांच्यासमोर आपण हात जोडून उभ्या राहतो.

याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शिव्या देणं आणि पाया पडणं, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: पुढारी म्हणजे वर बसलेला कुणीतरी. त्याच्या मनात आलं तर तो देईल, नाही आलं तर लुटेल. आपल्या हाती काही नाही. तो आपण निवडलेला माणूस आहे, त्याच्याकडे असलेला पैसा आपला आहे आणि त्याचा हिशोब मागणं हे आपलं रोजचं काम आहे, ही तिसरी गोष्ट शिवीतही नसते आणि नमस्कारातही नसते. या अंकात आम्हाला या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

ही समजूत आभाळातून पडलेली नाही. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सत्ता गावापर्यंत येईल असं तेव्हा सांगितलं गेलं. ती आलीही, पण आली ती कुणाच्या दारात? ज्याच्या हाती साखर कारखाना, त्याच्याच हाती जिल्हा बँक, त्याच्याच हाती दूध संघ आणि त्याच्याच हाती शिक्षण संस्था, असं चित्र निम्म्याअधिक महाराष्ट्रात तयार झालं. उसाला तोड कधी मिळणार, कर्ज कुणाला मंजूर होणार, मुलाला कॉलेजात प्रवेश आणि सुनेला शाळेत नोकरी मिळणार की नाही, या साऱ्या वाटा एकाच वाड्यावरून जाऊ लागल्या. 'साहेब', 'दादा', 'आबा', 'अण्णा' या हाकांमध्ये आदर थोडा आणि गरज जास्त आहे. जिच्याकडे ऊसही नाही आणि जमीनही नाही, तिची गरज तर आणखी मोठी. उत्पन्नाचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज, घरकुलाच्या यादीतलं नाव, या प्रत्येक कागदासाठी तिला कुणाच्या तरी शब्दाची गरज लागते. म्हणून यादीत हक्कानं नाव आलं तरी ती म्हणते, "साहेबांनी घरकुल दिलं." या 'दिलं' शब्दापाशी आपण जरा थांबायला हवं.

बायकांच्या बाबतीत या देण्याघेण्याला नात्याचं रूप दिलं जातं. निवडणूक जवळ आली की हळदीकुंकू होतं, साड्या वाटल्या जातात, पैठणीचे खेळ रंगतात, राख्या बांधून घेतल्या जातात. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. त्यावर शहरातल्या शहाण्यांनी 'बायका विकल्या गेल्या' असा शेरा मारला. हा शेरा आम्हाला मान्य नाही. कारखान्याला सरकारी हमी मिळते, उद्योगाला करसवलत मिळते, तेव्हा 'पुरुष विकले गेले' असं कुणी म्हणत नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून शंभर रुपयेही नसतात, तिला १५०० रुपयांचं मोल कुणी शिकवू नये.

आमचा प्रश्न पैशाला नाही, नात्याला आहे. भावानं ओवाळणी घातली तर बहीण त्याला हिशोब विचारत नाही, आणि पुढच्या वर्षी कमी घातली तर भांडतही नाही. २०२५ साली अर्जांची छाननी होऊन अनेकींची नावं वगळली गेली, तेव्हा 'माझं नाव कोणत्या कारणानं काढलं ते लेखी द्या' असं विचारायला किती जणी तहसील कचेरीत गेल्या? बऱ्याच जणी गावातल्या कार्यकर्त्याकडे गेल्या, कारण 'दिलं' तर तिथूनच दिलं होतं, असं मनात बसलेलं होतं. आणि एक आकडा ध्यानात ठेवू या. ज्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत 'बहिणीं'चा एवढा गाजावाजा झाला, त्या निवडणुकीत २८८ आमदारांपैकी स्त्रिया निवडून आल्या अवघ्या २१. बहिणीला ओवाळणी मिळाली, वाटा मिळाला नाही.

वाटा मिळाला तो एकाच ठिकाणी, स्थानिक संस्थांमध्ये. महाराष्ट्रात १९९० साली स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू होऊन देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ साली आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. आज गावोगावी सरपंचाच्या खुर्चीवर बाई आहे. आणि नेमकं इथेच गावाचं पुढाऱ्याशी वागणं एकदम पालटतं. साहेबांना जन्मात कधी न विचारलेले प्रश्न या बाईला पहिल्या महिन्यात विचारले जातात. गटाराला किती सिमेंट लागलं? झेंडावंदनाच्या दिवशी चहाचा खर्च कुणी केला? सही नीट येते का? नवऱ्याला कारभार करू दिला तर ती कळसूत्री बाहुली, आणि नाही करू दिला तर शेफारलेली.

'सरपंचपती' नावाचं पद कायद्यात कुठेही नाही, पण गावात त्याची खुर्ची असते. हा प्रकार देशभर इतका बोकाळला की केंद्र सरकारच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली, आणि अशा नवऱ्यांना जरब बसेल असा दंड व्हावा, अशी शिफारस त्या समितीने केली. दंड जरूर व्हावा. पण ज्या गावाला बाईशी बोलायचंच नसतं, ते गाव आपणहून तिच्या नवऱ्याकडे जातं, त्या गावाला दंड कोण करणार?

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण आठवा. २०२१ साली राखीव जागेवर तिथे एक स्त्री सरपंच झाली. ती सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते, अशी तक्रार झाली. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं तिचं म्हणणं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तोच निर्णय कायम केला, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचं पद तिला परत दिलं. बाई सरपंच झाली आहे आणि तिचं ऐकावं लागणार आहे, हे गावकऱ्यांना पचलेलं नाही, असं न्यायालयानं स्पष्टपणे नोंदवलं. अतिक्रमणाचा कायदा चांगलाच आहे. गायरानावर कुणाकुणाची घरं, गोठे आणि दुकानं आहेत हे प्रत्येक गावाला तोंडपाठ असतं. पण हा कायदा कपाटातून कुणासाठी बाहेर काढला जातो, हे पाहिलं की गावाचं राजकारण कळतं. एका खेड्यातल्या सरपंचबाईला आपली खुर्ची राखायला दिल्ली गाठावी लागली, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आता दुसरं टोक पाहा. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसा देवळासाठी, म्हणजे काम पुण्याचं! नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही बोली लागली. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली, हे बरं झालं. पण लिलाव पुकारला गेला तेव्हा गावाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, ही खरी काळजीची गोष्ट. 'बिनविरोध' या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. गावाची एकी म्हणून त्याचं कौतुक होतं. बिनविरोध करा, निधी देतो, असं आमदार जाहीर सांगतात. ही एकी ठरते कुठे? देवळाच्या पारावर, रात्री, मोजक्या घरांतल्या मोजक्या पुरुषांमध्ये. जिथे बाई बसत नाही, जिथे दलित वस्तीतल्या माणसाला कडेला उभं राहावं लागतं, तिथे ही एकी होते. भूमिहीन बाईकडे गावातल्या बड्या माणसाइतकीच असलेली वस्तू एकच, तिचं मत. लिलावात तेवढंच काढून घेतलं जातं.

याच्या उलट घडलेलंही आपण पाहिलं आहे, तेही जळगाव जिल्ह्यातच. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्या चळवळीच्या बळावर १९८९ साली विटनेर गावानं संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून दिली, आरक्षण यायच्याही आधी. त्याच चळवळीत पुढे घरच्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करण्याची मोहीम झाली, आणि विटनेर त्यातही मागे राहिलं नाही. तिथल्या बायका एकएकट्या खुर्चीवर जाऊन बसल्या नव्हत्या. आधी संघटना झाली, मग सत्ता आली. आरक्षणानं पुढे आपल्याला खुर्ची दिली, पण खुर्चीमागे उभी राहणारी संघटना कायद्यानं देता येत नाही. ते काम आपलं होतं.

ते आपण केलं का? इथे आपल्याही पदरात थोडं माप घालून घेऊ. "आम्ही राजकारणात नाही" हे वाक्य आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षं अभिमानानं उच्चारलं. निवडून आलेल्या बायकांची शिबिरं घेतली, गाणी शिकवली, प्रमाणपत्रं दिली. मात्र तिच्यावर अविश्वासाचा ठराव आला की 'हे गावचं राजकारण आहे' म्हणून आपण अंग काढून घेतलं. दारूच्या दुकानाविरुद्ध मात्र आपण मागे हटलो नाही. २००८ च्या नियमानुसार २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवल्या, दारोदार फिरलो, निम्म्याहून जास्त मतं मिळवून बाटली आडवी केली. ते राजकारण नव्हतं तर काय होतं? मतं मोजायला, माणसं जोडायला, दबाव सोसायला आपल्याला येतं. आपण फक्त त्याला राजकारण म्हणायला लाजतो.

या लाजेची किंमत मोठी आहे. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले. निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. त्या साऱ्या काळात तिथल्या निम्म्या जागांवरच्या बायकाही घरी बसल्या. पण 'कुणी का निवडून येईना' म्हणणाऱ्यांना कुणीच निवडून आलेलं नाही हे जाणवलंसुद्धा नाही.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, ती कागदावर होऊ देऊ नका. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार डोकी बसून गावाचा खर्च मंजूर करतात. तेव्हा चाळीस-पन्नास जणींनी जाऊन बसणं हेच मोठं काम आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवा. तो कशावर झाला, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

सरपंच बाई आहे म्हणून तिला हिशोब माफ करा, असं आम्ही म्हणणार नाही. तिला विचारा, आणि ज्या आवाजात तिला विचाराल त्याच आवाजात आमदाराला विचारा, कारखान्याच्या अध्यक्षाला विचारा. तिच्यावर खोटा आळ आला तर तहसील कचेरीच्या पायरीवर तिच्या शेजारी उभ्या राहा, मग ती कोणत्याही गटाची असो. पारावर 'बिनविरोध' ठरू लागलं तर विचारा, आम्हाला कुणी विचारलं? आणि योजना मंजूर झाली तर 'साहेबांनी दिलं' म्हणू नका, 'आमचं होतं ते मिळालं' म्हणा. जीभ बदलायला वेळ लागेल. पण एकदा जीभ बदलली की मान खाली घालून उभं राहणं अवघड होतं.

पुढच्या ग्रामसभेत तुमच्या गावात किती बायका बसल्या, काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हाला लिहून कळवा. चार ओळी असल्या तरी चालतील. पुढच्या अंकातली काही पानं त्यासाठीच राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळ