बुरशी कोणाची सोयरी?

विद्यार्थी मित्रहो, नवी मुंबईचा पावसाळा म्हणजे बुरशीची सुगी. कपाटातल्या चपला, पुस्तकांच्या बांधण्या, इतकेच काय, आमच्या प्रयोगशाळेतली भिंगेसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नाहीत. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण भिंगावरच्या त्या जाळ्यानेच मला बुरशीविषयी वाचायला लावले. त्यातून माझे एक मत बनले. सजीवांचे वर्गीकरण हा पाठांतराचा विषय नाही. कोण कोणाचा सोयरा, यावर औषधाची निवड अवलंबून असते.

पावाचा ओलसर तुकडा झाकून तीन-चार दिवस ठेवा. आधी कापसासारखे पांढरे तंतू दिसतील, मग त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. ही बहुधा रायझोपस बुरशी. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंची पिशवी. ती फुटली की बीजाणू हवेत पसरतात. म्हणून झाकण उघडून वास घेऊ नका. याच बुरशीत दोन तंतूंच्या मीलनानेही प्रजनन होते. पाव फुगवणारे किण्व मात्र कळी फुटून वाढते.

बुरशी जागची हलत नाही, म्हणून पूर्वी तिची गणना वनस्पतींत होई. १९६९ साली व्हिटेकर यांनी पंचसृष्टी पद्धतीत तिला स्वतंत्र घर दिले. तिच्यात हरितद्रव्य नाही. पाचक रस बाहेर सोडून ती तयार अन्न शोषून घेते. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. तेच झुरळाच्या कवचातही असते. पुढे डीएनएच्या तुलनेतून कळले की, बुरशीचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी, म्हणजे आपल्याशी, अधिक जवळचे आहे!

या नात्याने काय बिघडते? पिंपरीला चला. तेथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीपासून पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून त्या सुरक्षित राहतात. पण बुरशीनेच रोग केला तर पेनिसिलिन निरुपयोगी. त्याच पिंपरीत थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे हॅमायसिन शोधले, ते स्ट्रेप्टोमायसेसपासून. या नावातच ‘बुरशी’ आहे, कारण तंतू पाहून अशा सजीवांना एकेकाळी बुरशी समजत. प्रत्यक्षात तो जीवाणू!

२०२१ साली कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिसचे बरेच रुग्ण आढळले. पावावरच्या रायझोपसचीच भावंडे त्याला प्रामुख्याने कारण होती. निरोगी माणसाला हे बीजाणू सहसा बाधत नाहीत. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना त्यांनी गाठले. तेव्हा टंचाई झालेले अँफोटेरिसिन-बी हे औषध बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला पकडते. आपल्या पेशीपटलात त्याच्याच जातकुळीचे कोलेस्टेरॉल आहे. म्हणून या औषधाने मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. शत्रू सोयरा निघाला की शस्त्र जपून चालवावे लागते, ते असे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती: वर्गांची नावे जरूर घोकून घ्या, पण त्याआधी पावाचा तुकडा वर्गात ठेवा आणि विचारा, “हिला वनस्पती का म्हणायचे नाही?” आणि मित्रहो, शिक्षकांनी विचारले नाही, तर तुम्ही विचारा.