घाईचा भाव

गेल्या वर्षभरात आमच्या युनिटमधल्या चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, गावाकडचं घर रोखीने घेणारी एक कंपनी मागे लागलीय. आहे त्या स्थितीत घेतो म्हणतात. दलाली नाही, डागडुजी नाही, आठ दिवसांत पैसे. देऊन टाकू का?" चौघांना वेगवेगळं बसवून उत्तर दिलं. आता पाचवा येण्याआधी इथे लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो. घर विकायला माझी हरकत नाही. पण सुट्टीवर आलाय, परत जायची तारीख जवळ आलीय, म्हणून अशा कंपनीला विकू नका.

या कंपन्यांना फौजी माणूस का आवडतो ते बघा. कागदावर आपल्याला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. एका दमात हातात पडतात वीस-पंचवीस दिवस. त्यात बहिणीकडचं लग्न, आईचा दवाखाना, पोरांची शाळा. मागे घर बंद. भिंतीला ओल, दाराला वाळवी, घरपट्टी थकलेली, शेजाऱ्याचं कुंपण दरवर्षी वीतभर आत सरकलेलं. अशा वेळी कोणी म्हणालं की सगळी कटकट आमची, तुम्ही फक्त सही करा, तर माणूस विरघळतो. आपली परतीची तारीख त्यांनी आपल्याआधी विचारून घेतलेली असते.

सध्या माझी पोस्टिंग कोलकात्यात आहे. इथल्या फोर्ट विल्यमला आता आपल्या कोकणातल्या किल्ल्याचं नाव मिळालंय, विजयदुर्ग. कामासाठी खिदिरपूर ओलांडून गार्डन रीचला नेहमी जावं लागतं. एका बाजूला हुगळी नदी, युद्धनौका बांधणारी गोदी, दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय. आणि आत मटियाबुर्जच्या गल्ल्या, शिवणयंत्रांचा आवाज, एकमेकांना खांदे लावून उभी असलेली चार-पाच मजली घरं. घर घाईने हातचं गेलं की काय होतं, ते या भागाने दोनदा पाहिलंय.

पहिली गोष्ट जुनी. १८५६ साली इंग्रजांनी अवध घेतलं आणि नवाब वाजिद अली शाह इथे येऊन राहिले. त्यांनी मटियाबुर्जला धाकटं लखनौ उभं केलं. वाडे, बागा, प्राणिसंग्रह. १८८७ मध्ये ते वारले. मागे मोठा कुटुंबकबिला, आणि मालमत्तेचं काय करायचं ते ठरवणार सरकार. थोड्याच काळात ती विकली गेली, बहुतेक इमारती नाहीशा झाल्या. नवाबांची कबर आहे तो सिबतैनाबाद इमामबाडा तेवढा ठळकपणे उभा दिसतो. व्यवहाराच्या वेळी मालक हजर नसला की त्याचं घर दुसऱ्यांच्या सोयीने विकलं जातं.

दुसरी गोष्ट कालपरवाची. आपण ज्याला बिल्डर म्हणतो त्याला इथे प्रमोटर म्हणतात. जुन्या घराच्या मालकाला तो सांगतो, जागा द्या, थोडे पैसे आत्ता घ्या, वर दोन फ्लॅट घ्या. हा व्यवहार सरळही होऊ शकतो. पण १७ मार्च २०२४ च्या मध्यरात्री गार्डन रीचमध्ये बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून जास्त माणसं गेली. इमारत बेकायदा होती हे खुद्द महापौरांनी मान्य केलं. मंजुरी, नकाशा, तपासणी यांना वेळ लागतो, म्हणून ते वगळलं जातं.

त्या गल्लीवरून जाताना एक हिशोब पक्का होतो. घाईचा खर्च कुठूनतरी वसूल होतोच. किमतीतून, कागदातून, नाहीतर सिमेंटमधून.

आधी किंमत घ्या. समजा घर ३० लाखांचं आहे आणि कंपनी २४ देते. मधले ६ लाख कंपनीने तुमच्या घाईचे कापले. सहा महिने थांबून पूर्ण भाव आला, तर थांबण्याचे महिन्याला लाख रुपये पडले. एवढा पगार आपल्यात कितीजणांना आहे? आणि ते २४ तरी मिळतात का? ब्रिटनमध्ये अशा झटपट घरखरेदीची तिथल्या सरकारी व्यापार यंत्रणेने २०१३ मध्ये पाहणी केली. ऐन शेवटच्या क्षणी किंमत पाडण्याची खोड त्यात नोंदलेली आहे. सामान बांधून झालेला माणूस मग नाही म्हणत नाही.

आता कागद. घरविक्रीचे २० हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोखीने घ्यायला २०१५ पासून बंदी आहे. घेतले तर घेतलेल्या रकमेएवढा दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. सरकारी बाजारमूल्यापेक्षा किंमत फारच कमी लावली, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला, तर आयकर सरकारी मूल्यावर मोजला जातो. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरही कर.

काही जण खरेदीखत करतच नाहीत. विसार पावती आणि कुलमुखत्यारपत्र घेतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला घर फिरवतात. अशा मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. कागदोपत्री मालक तुम्हीच राहता, घरात राहतो तिसराच, आणि नोटीस येते ती सीमेवर. आणखी एक, वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर घरात आईचा आणि बहिणींचाही वाटा आहे. "त्यांचं आम्ही बघून घेऊ" असं कंपनी म्हणाली तर तिथेच उठा.

दुसरी बाजूही खरी आहे. घरात मोठं आजारपण आहे, हप्ते थकून बँक लिलावावर आलीय, भावाभावांत रोज भांडण आहे आणि गावी कोणीच परतणार नाही. अशा वेळी सहा महिने थांबा म्हणणं सोपं आहे, निभावणं अवघड. अशा माणसाने कमी भावात विकलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त आपण घाईचे किती मोजतोय, ते त्याला आकड्यात माहीत असावं. आणि तो आकडा इथे बसून मोबाईलवर कळतो. रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आहेत, शेजारच्या घराचं खरेदीखत किती रुपयांचं झालं ते सूची दोनमध्ये दिसतं.

त्या चौघांतल्या एका हवालदाराचं तर विकायचं कारणच नव्हतं. घरात आई राहते. फक्त पुढचे आठ महिने तिला त्याच्या बायकोकडे फॅमिली क्वार्टरमध्ये आणायचं होतं आणि बंद घराची काळजी वाटत होती. त्याला म्हटलं, भाड्याने दे. करार नोंदणीकृत कर. भाडेकरू घर बळकावेल ही भीती आपल्याकडे फार असते, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये सैनिकाला स्वतःच्या राहण्यासाठी घर परत मिळावं म्हणून वेगळं कलम आहे. त्याला अधिकाऱ्याचा दाखला लागतो. व्यवहार बघायला बायकोला ठराविक कामापुरतं मुखत्यारपत्र दे, अनोळखी माणसाला नको. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आणि तरीही विकायचंच असेल, तर कंपनीला तीन गोष्टी सांगा. मसुदा माझा वकील वाचणार. सगळी रक्कम खरेदीखताच्या दिवशी बँकेतून. आणि मला एक पूर्ण सुट्टी विचाराला हवी, सही पुढच्या सुट्टीत. खरा गिऱ्हाईक थांबतो. ज्याला फक्त तुमची परतीची तारीख हवी होती, त्याचा फोन बंद होतो.

जय हिंद.