सहा किलो चाऱ्यातलं पाणी कोण मोजणार?



परवा पुतण्या घरी आला. हातात रंगीत कागद. म्हणाला, "तात्या, मातीशिवाय चारा! एक किलो मक्यापासून सात दिवसांत सहा किलो हिरवा चारा. दोन गायी विकून युनिट घेतो, राहिलेल्या चार गायींची चिंता मिटली." मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि वही काढली. वहीतला तोच हिशेब आज इथं लिहितोय, कारण असे कागद एका घरापुरते छापलेले नसतात.

आधी कबूल करतो, मीही यात पैसे घालवलेत. २०१८-१९ च्या दुष्काळात माण नदी कोरडी, तालुक्यात जागोजागी छावण्या. तवा ट्रे आणि फॉगरचं छोटं युनिट घेतलं. कुणाकडनं ते सांगत नाही, भांडण माणसाशी नाही, हिशेबाशी आहे. पहिले पंधरा दिवस हिरवंगार बघून बरं वाटलं. एप्रिल लागला, पारा चाळिशीच्या वर गेला, एका रात्री लाईट गेली, फॉगर बंद. दुसऱ्या दिवशी ट्रेमधून आंबूस वास आणि मुळांच्या चटईला बुरशी. डॉक्टर म्हणाले, एक काडीसुद्धा गाईला घालू नका. सगळं उकिरड्यावर टाकलं. ते ट्रे आता शेंगा वाळवायला वापरतो.

आता हिशेब बघा.

कोरड्या मक्याच्या एक किलो दाण्यात साधारण १०० ग्रॅम पाणी आणि ९०० ग्रॅम कोरडा माल असतो. तो भिजवून उगवला की सहा किलो होतो, हे खरं आहे. पण त्या हिरव्या चाऱ्यात कोरडा भाग १३ टक्क्यांच्या आसपासच. सहा किलोचे १३ टक्के म्हणजे ७८० ग्रॅम. म्हणजे ९०० ग्रॅम घातले आणि ७८० ग्रॅम काढले. राहिलेले १२० ग्रॅम कुठं गेले? दाणा उगवताना श्वास घेतो, स्वतःतलं पिष्ट जाळतो. सात दिवसांत पानं एवढीशी, ती बाहेरून फारसं काही कमवत नाहीत. वाढलं ते पाणी.

विकणारा म्हणतो, प्रथिनं वाढतात. टक्केवारी वाढलेली दिसते, कारण पिष्ट कमी झालं. साध्या पाण्यातून प्रथिनं कुठून येणार?

आता पैसे. मका २४ रुपये किलो धरा. सहा किलो चारा झाला, म्हणजे ४ रुपये किलो. मुरघास ७ रुपये धरला तर चारा स्वस्त वाटतो. पण मुरघासात कोरडा भाग ३० टक्के धरला, तर कोरड्या मालाचा किलो पडतो २३ रुपयांना. ट्रेतल्या चाऱ्याचा पडतो जवळजवळ ३१ रुपयांना. यात लाईट, मजुरी, युनिटचा हप्ता धरलेलाच नाही. तोच मका भरडून घातला तर दळणाचे पैसे धरूनही ३० च्या आत बसतो.

४०० किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला १२ किलो कोरडा माल लागतो. तो नुसत्या ट्रेतल्या चाऱ्यातून द्यायचा तर दिवसाला ९२ किलो चारा, म्हणजे १५ किलो मका. एका गाईला! आणि विकणारा सांगतो, २० किलो घाला, बास झालं. २० किलोत कोरडा माल २ किलो ६०० ग्रॅम. बाकीचं पोट कशानं भरायचं? कडबा लागणारच. चोथा कमी पडला की रवंथ कमी, आणि रवंथ कमी झालं की फॅट खाली येते. डेअरीवर फॅटचे पैसे कापले की मग कळतं.

पाणी वाचतं म्हणतात. तुमच्या रानात वाचतं, मान्य. पण तो मक्याचा दाणा कुठं पिकला? मातीतच ना? तिथं कुणीतरी पाणी दिलंच की.

मग ही पद्धत खोटी का? नाही. गोव्यात जमीन कमी, हिरवा चारा दुर्मिळ. तिथं राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून दूध संस्थांना अशी युनिटं दिली. जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्यांनीही खर्चाचा मोठा वाटा बियाण्याचाच धरला आणि हा चारा पूरक म्हणून घालायचा आहे. आपल्याकडंही उन्हाळ्यात हिरवं काहीच नसेल तर गाभण गाईला, वासराला चार-पाच किलो घाला, फायदाच आहे. त्याला मशिन लागत नाही. मका दिवसभर भिजवा, ओल्या गोणपाटात एक दिवस दडपा, मग सावलीत ट्रेमध्ये पातळ पसरून दिवसातून पाच-सहा वेळा झारीनं पाणी मारा. दरवेळी ट्रे चुन्याच्या निवळीनं धुवा. बुरशी दिसली की फेकून द्या, जीव अडकवू नका.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुकानातलं पेरणीचं रंगीत बियाणं यासाठी कधीही वापरू नका. त्याला औषध चोळलेलं असतं.

इमू झाले. कडकनाथचं २०१९ ला इस्लामपूर भागातून काय बाहेर आलं ते सगळ्यांनी पाहिलं. दरवेळी आपण दुष्काळात घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाला विकणं सोपं असतं. गाय विकून चारा उगवायचा, हा कुठला धंदा?

कृषी खात्यातल्या आणि पशुवैद्यक मंडळींना हात जोडून विनंती, मेळाव्यात चाऱ्याचं ओलं वजन सांगू नका, कोरडं सांगा. आणि शेतकरी बांधवांनो, विकायला येणाऱ्याला एकच विचारा, "यात कोरडा माल किती?" उत्तर आलं नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

पुतण्यानं अजून सही केलेली नाही. दोन्ही गायी दावणीला आहेत. माझा हिशेब चुकत असेल तर आकडे घेऊन सांगा, मी दुरुस्त करीन.