गावाचा आवाज गावाला हवा

रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले आणि २००८ साली दुष्काळी माणदेशात म्हसवडहून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ बोलू लागली. गावच्या बोलीला हक्काचे व्यासपीठ लाभले. पण त्याच धोरणाने राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम निषिद्ध ठरवले. पाणी केव्हा सुटणार, ही सूचना देता येते; ते का सुटले नाही, याची चर्चा मात्र अडचणीची! ग्रामसभेत चालणारा प्रश्न रेडिओवर का चालू नये? प्रक्षोभक प्रचाराला पायबंद जरूर घालावा. परंतु ग्रामस्वराज्याचा उद्घोष करणाऱ्या शासनाने गावाच्या विवेकबुद्धीवर विश्वासही ठेवावा. पारावर निर्भयपणे बोलणारा समाजच जागृत राहतो.