‘बदलून टाका’ म्हणजे दुरुस्ती नव्हे

गेल्या पावसाळ्यात माझा गिटारचा अ‍ॅम्प अचानक कुजबुजायला लागला. ४० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. एरवी व्हॉल्यूम २ वर असला तरी खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन यायचा. आता ८ वर नेला तरी आवाज खोलीच्या दाराबाहेर जाईना.

दुरुस्तीला नेला. तिथल्या माणसाने मागून टॉर्च मारला आणि म्हणाला, “ट्यूब वीक झाल्यात. सगळा सेट बदलून टाका.” मी निमूटपणे पैसे मोजले. दोन ६एल६, तीन १२एएक्स७, पाचही नवे. आवाज तेवढाच. मग निदान बदललं : “आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असणार. त्यापेक्षा नवीन डिजिटल घ्या ना, सर.”

त्याच्यावर माझा राग आहेच. पण त्याहून जास्त राग माझ्यावर आहे. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची डिग्री आहे, आणि मी त्याला एक साधा प्रश्न विचारला नाही : “तुम्ही काय मोजलंत?”

कारण गणित तर मला येत होतं. व्हॉल्व्ह थकून अ‍ॅम्पची ताकद ४० वॉटवरून २० वर आली, तर फरक पडतो ३ डेसिबलचा. कान लावून ऐकलं तर कळेल एवढाच. आवाज ‘निम्मा झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल जावे लागतात, म्हणजे ४० वॉटचे ४ वॉट व्हावे लागतात. आणि माझा अ‍ॅम्प तर निम्म्याच्याही खूप खाली गेला होता, तोही एका रात्रीत. म्हाताऱ्या झालेल्या व्हॉल्व्हचं हे लक्षण नाही. वाटेत कुठेतरी सिग्नल अडतोय, असं ते आकडे ओरडून सांगत होते.

शेवटी एका रविवारी अ‍ॅम्पचा सर्किट डायग्रॅम समोर घेऊन बसलो. गिटारचा सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो, मग पॉवर अ‍ॅम्पमध्ये, मग ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरकडे. माझ्या अ‍ॅम्पला मधोमध दोन जॅक आहेत : ‘प्रीअ‍ॅम्प आउट’ आणि ‘पॉवर अ‍ॅम्प इन’. इफेक्ट जोडायला ठेवलेले. मी ते कधीच वापरले नव्हते. पण त्यांत काही लावलेलं नसतं, तेव्हा सगळा सिग्नल जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्रीवरून पुढे जातो. दमट हवेत, न वापरता पडून राहिलेली पत्री. तिच्यावर थर चढला की सिग्नल पूर्ण तुटत नाही, पाझरत राहतो.

अ‍ॅम्प बंद करून एक वीतभर केबल त्या दोन जॅकच्या मध्ये लावली, म्हणजे पत्रीला वळसा घातला. चालू केला. एकच कॉर्ड वाजवली आणि खालून काकांचा फोन आला.

नंतर अ‍ॅम्प बंद ठेवून प्लगला थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर लावला, जॅकमधून दहा-बारा वेळा आतबाहेर केला. संपली दुरुस्ती.

आवाज परत आला नसता तरी वाट बंद झाली नसती. ‘पॉवर अ‍ॅम्प इन’मध्ये मोबाइलवरचं गाणं सोडायचं. ते खणखणीत वाजलं तर पुढचा अर्धा अ‍ॅम्प निर्दोष, बिघाड प्रीअ‍ॅम्पमध्ये. मग तिथला एकेक व्हॉल्व्ह चांगल्या व्हॉल्व्हशी बदलून पाहायचा. पहिल्याच चाचणीत निम्मा संशय कमी. हे बायनरी सर्च आहे. कोडमधला बग शोधताना मी हेच रोज करतो, पगार घेऊन. हातात वस्तू आली की मात्र माझी अक्कल काउंटरवर जमा.

हे कुठून आलं? माझ्या कॉलेजच्या लॅबमधून, असं मला वाटतं. प्रॅक्टिकलला सर्किट चाललं नाही, तर ‘का चाललं नाही’ हे शोधायला वेळ नसायचा. सीनियरच्या फाइलमधून रीडिंग उतरवायची आणि सही घ्यायची. चार वर्षांत एकदाही कुणी मुद्दाम बिघडवलेलं सर्किट समोर ठेवून ‘शोधा’ म्हटलं नाही. चालणाऱ्या गोष्टींची सूत्रं पाठ झाली, बंद पडलेल्या गोष्टीला काय विचारायचं ते शिकायचं राहून गेलं.

“इंजिनिअरचा वेळ महाग, नवीन घेणं स्वस्त,” असं ऑफिसातले मित्र म्हणतात. हिशोब करा. पाच व्हॉल्व्ह वाया, दोन आठवडे वाया, आणि बिघाड जागेवरच. न मोजता बदललेला पार्ट स्वस्त नसतो, तो पैसे लावून खेळलेला अंदाज असतो.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. ट्यूब अ‍ॅम्प जीवघेणा असू शकतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. कपॅसिटर रिकामे करणं ज्याला येत नाही, त्याने पेटी उघडू नये. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर खरोखरच जाईल. पण मी केलेल्या तपासणीत एकही स्क्रू काढावा लागला नाही. विचार करायला पेटी उघडावी लागत नाही.

आणि व्हॉल्व्ह कधीच बदलू नका, असंही मी म्हणत नाही. ते झिजतात. पण ते झिजलेत हे आधी सिद्ध करा.

लिओ फेंडर अ‍ॅम्प बनवण्याआधी रेडिओ दुरुस्त करायचा. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने दुकान टाकलं होतं. बंद पडलेली यंत्रं उघडून उघडून त्याला कळलं, की यंत्र कसं बनवलं म्हणजे ते नीट उघडता येईल. दुरुस्ती ही कारागिरीची खालची पायरी नाही, तिथूनच वर जाता येतं.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. चांगलंच झालं. कंपन्यांनी डायग्रॅम द्यावेत, सुटे भाग द्यावेत. पण डायग्रॅम मिळाला आणि तो वाचायची इच्छाच नसली, तर हक्काचं करायचं काय? माझ्या अ‍ॅम्पचा डायग्रॅम पहिल्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये होता. पीडीएफ. न उघडलेली.

पुढच्या वेळी कुणी “बदलून टाका” म्हणालं, तर भांडू नका. फक्त विचारा, “काय मोजलंत?” आणि समोर कुणी नसेल, तर स्वतःलाच विचारा.