पुनःक्रीडेचे मूल्य

एकदा पूर्ण केलेला खेळ पुन्हा का खेळावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः वाचलेली कथा पुन्हा का वाचावी, या जुन्या प्रश्नाचेच ते दुसरे रूप होय. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात पुनरावृत्तिक्षमता हे क्रीडेचे एक मूलभूत लक्षण मानले आहे. व्हिडिओ गेमच्या चर्चेत मात्र या लक्षणाचा अर्थ पुष्कळदा संकुचित होतो. खेळात पर्यायी शेवट किती, गुप्त वाटा किती, यांवरून त्याचे पुनःक्रीडामूल्य ठरविले जाते. ही मोजपट्टी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्राबरोबर जपानमध्ये विक्रीस आणलेला ‘सुपर मारिओ लँड’ हा खेळ या दृष्टीने विचारात घ्यावा. गुनपेई योकोई हे त्याचे निर्माते आणि सातोरू ओकादा हे दिग्दर्शक. पळविलेल्या राजकन्येला सोडविण्यासाठी नायकाने धावत, उड्या मारीत, खड्डे व शत्रू चुकवीत जावयाचे, एवढेच त्याचे कथानक. चार प्रदेश आणि प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १२ टप्पे. सराईत खेळाडू ते तासाभराच्या आत संपवितो. प्रगती जतन करण्याची सोय नाही. यंत्र बंद केले की पुन्हा प्रारंभापासून सुरुवात.

याउलट, १९९४ च्या ‘वॉरिओ लँड : सुपर मारिओ लँड ३’ मध्ये प्रगती जतन होते आणि जमविलेल्या संपत्तीनुसार नायकाला अखेरीस लहानमोठे घर मिळते. तेथे पुन्हा खेळण्यास कारण आहे; परंतु सर्वांत मोठे बक्षीस हाती आले की ते कारणही संपते. पहिल्या खेळात असे बक्षीस नाही. बहुतेक टप्प्यांच्या शेवटी दोन दारे असतात : एक खाली, सहज गाठता येणारे, दुसरे वर, नेमक्या उड्या साधल्या तरच लाभणारे. प्रथम खेळताना वरचे दार हा धोका असतो, पाचव्या वेळी तो निर्णय होतो, पंधराव्या वेळी सवय. खेळ संपल्यावर जी दुसरी फेरी उघडते, तीत भूमी तीच राहते, शत्रू वाढतात. रचना बदलत नाही. खेळाडूचे तिच्याशी असलेले नाते बदलते.

कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना ठाऊक असते. तरीही ते बसतात, कारण प्रश्न पुढे काय घडणार हा नसून आज ते कसे घडणार हा असतो. येथे एक भेद मात्र आहे : कीर्तनात प्रयोक्ता आणि श्रोता भिन्न असतात, या खेळात ते एकच.

गतकाळाची ओढच या खेळाला तारते, असा आक्षेप घेतला जाईल. ती ओढ खेळ हाती घ्यावयास लावील. पण बालपणी तो न पाहिलेल्या माणसालाही तिसऱ्या फेरीत जो रस वाटतो, त्याचा उलगडा तिने होत नाही. हे निव्वळ कौशल्य आहे, अर्थ नव्हे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु पाठांतर, गायन, अभिनय या कलांतही कौशल्य हे अर्थाचे वाहन असते. त्यांना साहित्यविचारातून वगळण्याचे धाडस कोणी करणार नाही.

तुलनात्मक साहित्याच्या विभागांत असे खेळ अभ्यासाला घेतले गेले, तर विद्यार्थ्यांच्या हाती केवळ कथासार देऊन भागणार नाही. या खेळाचे कथासार दोन वाक्यांत संपते. त्यास तो खेळ पुन्हा पुन्हा खेळावयास लावावा आणि प्रत्येक खेपेस काय बदलले, ते लिहावयास सांगावे. पुनरावृत्तीलाच अनुभव मानण्याची शिस्त अंगी बाणली, तर त्याचा लाभ आपल्या कवितावाचनासही होईल.