साखळी कुणाच्या गळ्यात?



जिल्हा बैठकीला येण्याआधी एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. शब्द आहे 'शाश्वत मूल्यसाखळी'. २०२० साली जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात 'स्मार्ट' प्रकल्प आला, त्याच वर्षी केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना काढली. तेव्हापासून हा शब्द गावोगाव फिरतो आहे. कापडवाल्या कंपन्यांची माणसेही तो घेऊन येतात. फवारणी कमी करा, नोंदवही ठेवा, कापूस सुती पिशवीत वेचा, म्हणजे तुमचे उत्पन्न वाढेल, असे सांगतात.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. शेणखत टाका, उताराला आडवे पेरा, गरज नसताना फवारू नका, हे बांधावर उभे राहून आम्हीच वर्षानुवर्षे सांगितले. त्याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, की खर्च वाचला, माल सुधारला, तर त्यातला वाढावा कुणाच्या घरी गेला?

हिशेब करू. एक क्विंटल कापूस जिनात गेला की साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघते. १७० किलोची गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे गाठीमागे आपल्याला ४०,५५० रुपये, तेही हमीभाव पदरात पडला तर. सूतगिरणीतली घट धरूनही एका सदऱ्याला फार तर किलोभर कापूस पुरतो. त्याचे झाले ८१ रुपये. सदऱ्यावरची किमतीची चिठ्ठी तुम्ही स्वतःच वाचा. त्यावर 'शाश्वत कापूस' असे छापले म्हणून ८१ चे ९० झाले काय? अशा कित्येक योजनांत शेतकऱ्याला जादा भाव देण्याचे बंधनच नसते. वही आपण भरायची आणि चिठ्ठी त्यांनी लावायची!

हे आम्ही दिघीत बसून लिहितो आहोत, त्याला कारण आहे. दिघी-भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा साखळ्यांवरच जगतो. मोटारीचा कारखाना चाकणला, तिचे सुटे भाग करणाऱ्या शेडी भोसरीला. त्या शेडींत लेथवर उभी आहेत ती आपल्याच कोरडवाहू घरांतली पोरे. त्यांच्या मालकाला विचारा, दर कसा ठरतो. लोखंड किती, वाया किती, मशीनचे तास किती, मजुरी, वीज, भाडे, वर नफा, मग दर. लोखंड महागले की तो दर वाढवून मागतो. माल घेतल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे चुकते करावेत, असा २००६ चा कायदा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तो मालकही सुखात आहे असे नाही. मोठी कंपनी त्यालाही पिळते. पण भांडायला त्याच्या हातात ऑर्डरचा कागद असतो. आपल्या हातात काय असते? आपणच भरलेली नोंदवही.

याच पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणला, १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी उतरला होता. भावात उत्पादन खर्च धरला आहे का, हा त्याचा सवाल होता. आज केंद्र सरकार म्हणते, खर्चाच्या दीडपट हमीभाव देतो. पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड धरलेला नाही, स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज धरलेले नाही. शेडचे भाडे सोडून दर लावणारा लेथवाला कुणी पाहिला आहे काय?

आणि या साखळीची एक कडी दिल्लीत आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते ३१ डिसेंबरपर्यंत. नेमके वेचणीचे आणि विक्रीचे महिने! वर्षभर आपण शिस्तीने शेती करायची आणि ऐन हंगामात बाहेरच्या कापसाला दार मोकळे करायचे, याला शाश्वत कोणत्या तोंडाने म्हणायचे?

ज्वारीचे दुखणे वेगळे, औषधही वेगळे. २०२३ चे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' म्हटले. पावसात काळी पडलेली हायब्रीड मात्र कवडीमोलानेच मागितली जाते. तरी ज्वारीला जिन लागत नाही, गिरणी लागत नाही. चाळून, निवडून कट्टा भरला की माल तयार. भाकरी खाणारा गडी इथे दिघीच्या खोल्यांत आणि खानावळीत बसला आहे. गावच्या गटाने गाडी भरावी, इथल्या पोरांनी गिऱ्हाईक लावावे. घाईने विकायची पाळी येऊ नये म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवायचा, १८० दिवसांपर्यंत ६ टक्क्यांनी कर्ज घ्यायचे. ती किती जणांनी वापरली, हे बैठकीत हात वर करून सांगावे.

घरचे दोषही झाकू नयेत. पहिल्या वेचणीच्या कापसात कवडी मिसळायची, प्लास्टिकच्या पोत्यात दाबून भरायचा, ओलाच गाडीत घालायचा, हे आपणच करतो. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, १२ च्या वर माल घेत नाही. गटाकडे ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर व्यापारी मुठीत धरून सांगेल तोच ओलावा.

म्हणून बैठकीपुढे आम्ही हा ठराव ठेवतो. पुढील अटी मान्य झाल्याशिवाय कोणत्याही साखळीच्या करारावर गटाने सही करू नये.

१. भाव पेरणीआधी लेखी ठरावा. हमीभाव किंवा बाजारभाव यांतला जो जास्त तो, आणि वर ठरलेली जादा रक्कम.
२. पैसे सात दिवसांत. उशीर झाला तर व्याज.
३. वजन, ओलावा आणि प्रत गटाच्या काट्यावर, शेतकऱ्यासमोर ठरावी.
४. जिथे गट जिनिंग करून रुई विकेल, तिथे सरकी गटाची.
५. करार मराठीत असावा आणि नोंदवहीची मालकी शेतकऱ्याची राहावी.

या अटी मान्य करणारा कुणी आला, तर त्याच्या वहीत आम्ही स्वतः बसून नोंदी भरून देऊ. मान्य न करणाऱ्याला चहा पाजावा आणि पुढच्या गावची वाट दाखवावी.